बर्फ वितळेपर्यंत जागा आपली

८ जानेवारी, मंगळवार

रक्तदाब रोज लिहून ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून लेकीने, डेनिसने, नाताळात ही वही पाठवली. पानं मोठी आहेत. एका आकड्यासाठी अख्खं पान वाया घालवायचं माझ्या जिवावर येतं, तेव्हा उरलेल्या जागेत दिवसभरात काय झालं ते लिहीन. शाळा मी नववीत सोडली, त्यामुळे चुका होणार. वाचणार तरी कोण आहे.

आज रक्तदाब चढलेला आहे. वॉर्ड ऑफिसात पक्षाच्या बूथ-कॅप्टनांची बैठक होती. पूर्वी या बैठकीला हॉल भरून जायचा, उशीर झाला तर भिंतीला टेकून उभं राहावं लागायचं. आज आम्ही सगळे एका टेबलाभोवती मावलो, आणि त्यातले दोघे पिझ्झा संपल्यावर उठून गेले. थंडी फार आहे, लोक कुठे बाहेर पडतात.

नगरसेवक डोर्गन स्वतः आले होते. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय स्टॅन, लोरेन कशी आहे?" माझं नाव स्टॅश. शिकागोच्या या टोकाला पोरंटोरंसुद्धा मला स्टॅशच म्हणतात. आणि माझ्या बायकोला, लोरेनला, जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हा डोर्गननीच फुलं पाठवली होती, चांगली मोठी. पण निवडणूक तोंडावर आल्यावर माणसाच्या डोक्यात काय काय राहणार? चारचौघांत त्यांना कशाला ओशाळं करायचं, म्हणून मी म्हटलं, बरी आहे.

यंदा प्रचाराची सूत्रं ट्रेव्हर नावाच्या तरुणाकडे आहेत. तो सॅन दिएगोचा. त्याने विचारलं, कॅप्टन नेमकं करतो काय? मी समजावून सांगितलं. कुणाचं कचऱ्याचं पिंप फुटलं, कुणाच्या दारातल्या झाडाची फांदी तारांवर आली, की बूथमधले लोक माझं दार वाजवतात. मी वॉर्ड ऑफिसला फोन करतो, काम होतं. मग मतदानाच्या दिवशी मी त्यांचं दार वाजवतो. थोरल्या डोर्गननी, म्हणजे यांच्या वडिलांनी, मला पालिकेच्या झाडं छाटणाऱ्या तुकडीत चिकटवलं, तेव्हापासून मी हेच करतोय, आणि माझा बूथ आजवर हरलेला नाही. ट्रेव्हर म्हणाला, छान. ज्या बूथचे आकडे पडतील तिथे पुढच्या खेपेला कॅप्टन ठेवणार नाही, एवढंच.

विरोधात मारिबेल कोर्देरो नावाची बाई उभी आहे असं त्याने सांगितलं. शाळेत मुलांना जेवण वाढते. सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना मात्र जिवाला घोर लागला. कोर्देरोंचं घर माझ्या घराच्या बरोबर समोर आहे.

१३ जानेवारी, रविवार

डेनिसचा फोन. फिनिक्सला कायमचं राहायला या, हेच पुन्हा. तिथे बर्फ नाही, जिना नाही, स्वतंत्र खोली, खोलीला लागून न्हाणीघर. मी विचारलं, खिडकीतून काय दिसतं? ती म्हणाली, कुंपणाची भिंत दिसते, डॅड, पण गुलाबी आहे.

मग ती म्हणाली, "तुम्ही जिन्यात पडलात तर कुणाला कळणार आहे?"

मला राग आला. म्हटलं, या रस्त्यावर माणसं मला ओळखतात. ती म्हणाली, त्यांना डोर्गनकडून पिंपं मिळतात म्हणून ओळखतात. त्या रागात मी बोलून गेलो की माझा बूथ जिंकला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, आणि हरला तर घर विकून येईन. ती लगेच म्हणाली, शब्द दिलात हं.

फोन ठेवल्यापासून चैन नाही. शेगडी बंद आहे का ते पुन्हा पुन्हा पाहून आलो. बंदच होती.

१९ जानेवारी, शनिवार

दारोदार फिरलो. प्रत्येक दारात तेच, "हो हो स्टॅश, तुमच्यासाठी नाही तर कुणासाठी." मेपलच्या झाडाची फांदी, रात्रभर भुंकणारा कुत्रा, फुटलेला फूटपाथ, अशा बऱ्याच तक्रारी मिळाल्या. तक्रारी मिळाल्या की मला बरं वाटतं. तक्रार करणारा माणूस आपला असतो.

कोर्देरोंचं दार टाळलं. तर संध्याकाळी मारिबेलच माझ्या दारात, हातात पत्रकं. आम्ही दोघंही अवघडलो. थंडीत उभं कसं ठेवायचं, म्हणून आत घेतलं, कॉफी दिली. म्हणाली, "मिस्टर स्टॅश, तुमचं मत मागायला नाही आले. तुमच्या दाराशी न थांबता पुढे गेले असते तर आईने घरात घेतलं नसतं."

मी तिला विचारलं, डोर्गननी तुझं काय वाकडं केलं? ती म्हणाली, काहीच नाही, माझं नाव त्यांना ठाऊकच नाही. शाळेसमोरच्या चौकात गाड्यांसाठी 'स्टॉप'ची पाटी लावा म्हणून आईबापांनी तीन वर्षं अर्ज केले. मी म्हटलं, मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, "तुम्हालाच सांगितलं होतं."

मला आठवत नाही. सांगितलं असेल. मी नक्की फोन केला असणार. ऑफिसात कुणीतरी विसरलं असेल.

२८ जानेवारी, सोमवार

थंडी भयंकर. माझ्या जुन्या गाडीची, ब्यूइकची, बॅटरी बसली. घर तापवणाऱ्या तळघरातल्या भट्टीतून खरखर येते आहे. फुटते की काय. आज बाहेर गेलो नाही, दिवसभर खिडकीतून कोर्देरोंच्या दाराशी कोण येतं जातं ते पाहिलं. फार लोक येतात.

९ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस पडणारा बर्फ आज थांबला. गुडघ्याच्या वर आहे. सगळा रस्ता फावडी घेऊन बाहेर आला. वर्षात हा एकच दिवस असा असतो की सगळे एकमेकांना दिसतात.

बर्फ पडला की रस्त्यावर माझा शब्द चालतो, हे मी फुशारकीने लिहीत नाही. रस्त्यात गाडी लावायला ज्याने जागा खोदली त्याची ती, बर्फ वितळेपर्यंत. गाडी काढली की जागेत खुर्ची ठेवा, पिंप ठेवा, काय हवं ते ठेवा, कुणी हात लावायचा नाही. तिसऱ्या घरातला नवा भाडेकरू म्हणाला की रस्ता सार्वजनिक आहे. मी त्याला म्हटलं, बाळा, रस्ता सार्वजनिक आहे, पण कंबर ज्याची त्याची आहे. सगळे हसले, तोही हसला, आणि दुसऱ्याची खुर्ची जिथून उचलली होती तिथे ठेवून आला.

मारिबेल एकटी खोदत होती. तिच्या आईला, चायोला, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, म्हणून त्यांची जागा अगदी पायऱ्यांसमोर हवी. मी फावडं घेऊन पलीकडे जावं असं मनात आलं, पण उद्या ट्रेव्हरला कळलं तर? गेलो नाही. दुपारपर्यंत तिने जागा लख्ख केली आणि दरवर्षीप्रमाणे इस्त्रीचं टेबल उभं केलं, फुलांच्या कापडाचं. रस्त्यात ते टेबल दिसलं की हिवाळा आला असं मला वाटतं.

माझी ब्यूइक होती तिथेच गाडली गेली आहे. ती काढून करायचं काय?

१३ फेब्रुवारी, बुधवार

ट्रेव्हरचा फोन. शनिवारी डोर्गन आमच्या रस्त्यावर येणार, फावडं हातात घेऊन फोटो काढणार, माझ्याकडे कॉफी घेणार, शेजारी भेटतील. समोरच्या बाईच्या दारातच फोटो काढला तर झोंबेल तिला, असं तो म्हणाला. पंधरा वर्षांत डोर्गन माझ्या घरी आले नाहीत. कप चांगले नाहीत. पडदे लोरेनने धुतले त्यानंतर धुतलेले नाहीत. आणि गाडी कुठे लावणार? एकही जागा मोकळी नाही. रक्तदाब लिहीत नाही, मशीनवर विश्वास नाही.

१६ फेब्रुवारी, शनिवार

डोर्गन येऊन गेले. सगळं उत्तम झालं. हे आधी लिहून टाकतो.

त्यांची मोठी काळी गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि ट्रेव्हर काच खाली करून म्हणाला, कुठे लावू? मी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. खुर्च्या, पिंपं, एक प्लास्टिकचं हरिण. फक्त कोर्देरोंच्या जागेत टेबल होतं आणि दोघी डायलिसिसला गेलेल्या, म्हणजे दुपारपर्यंत येत नाहीत. मागून दुसरी गाडी भोंगा वाजवत होती. डोर्गन घड्याळ बघत होते. मी जाऊन टेबल उचललं आणि बाजूच्या ढिगाऱ्यावर ठेवलं. अर्ध्या तासासाठी. मी ठेवलं ते सरळ ठेवलं होतं, मागाहून ते घसरून उलटं झालं, ते माझ्या हातात नव्हतं.

फोटो काढायला डोर्गन गाडीतून उतरून तिथेच उभे राहिले. गाडी जरा मागे घेतली. मारिबेलने साफ केलेल्या जमिनीवर त्यांनी फावडं टेकवलं. खोदायला काही उरलं नव्हतं, म्हणून ट्रेव्हरने ढिगाऱ्यातला थोडा बर्फ खाली ओढला. कॉफीला शेजारी फारसे आले नाहीत. नवा भाडेकरू आला आणि त्याने भाड्याबद्दल विचारलं.

मग त्या लवकर आल्या. यंत्राचं काही बिघडलं होतं म्हणे. मारिबेलची गाडी आली, आपल्या जागेसमोर थांबली. मी खिडकीतून पाहत होतो. डोर्गन पडद्यामागे माझ्या खुर्चीत बसून, आपल्या वडिलांनी एकदा पुरात होडी कशी चालवली ते सांगत होते. मी दोनदा म्हटलं, ती गाडी जरा. त्यांनी हात वर केला, म्हणजे गोष्ट पुरी होऊ दे. मारिबेलने भोंगा वाजवला नाही. तिने गाडी पुढे नेली, कोपऱ्यावर कुठेतरी लावली, आणि मग दोघी चालत आल्या. चायो वॉकर घेऊन, निसरड्यावरून, एक पाऊल टाकून थांबायची, मग दुसरं. आपल्या दारापाशी आल्यावर तिने ढिगाऱ्यावरचं टेबल पाहिलं, मग माझी खिडकी. मी पडद्याआड झालो. का झालो कुणास ठाऊक, मी काही चोरी केली नव्हती.

कुणी काही बोललं नाही. रस्त्यावर कितीजण उभे होते, एकही शब्द नाही. पूर्वी यापेक्षा लहान गोष्टीवरून इथे फावडी उगारलेली मी पाहिली आहेत. म्हणजे लोकांनी समजून घेतलं. निवडणूक आहे, पाहुणे येतात. विषय संपला.

१७ फेब्रुवारी, रविवार

सकाळी जाऊन त्यांची जागा पुन्हा साफ केली. श्वास लागला. टेबलाचा एक पाय वाकलाय, उभं राहीना, म्हणून तळघरात आणलं. पाय सरळ केला, पट्टी मारली. या टेबलाला पूर्वी कुणीतरी दुरुस्त केलेलं आहे. स्क्रू चुकीच्या बाजूने आत घातलेला. मीही तसाच घालतो, लोरेन नेहमी हसायची. टेबलाऐवजी त्यांच्या जागेत माझं पिंप ठेवून आलो. संध्याकाळी पिंप माझ्या पायऱ्यांवर परत आलेलं होतं, धुऊन.

२० फेब्रुवारी, बुधवार

पत्रक आलं. वॉर्डात घरोघर गेलं आहे. जाड, गुळगुळीत कागद. डोर्गन फावडं घेऊन हसताहेत आणि खाली लिहिलंय, 'तुमच्या रस्त्यावर, तुमच्यासोबत'. डाव्या कडेला माझं कोपर आलं आहे. मागे ढिगाऱ्यावर ते टेबल, पाय वर करून.

मी भिंग लावून पाहिलं. मग भिंगाशिवाय पाहिलं. तसंही दिसतं.

ट्रेव्हरला फोन केला. तो म्हणाला, कसलं टेबल? मग म्हणाला, हां ते, मला वाटलं कुणी टाकून दिलंय, घरगुती वाटलं म्हणून राहू दिलं. मी विचारलं, डोर्गननी पाहिलं नाही? त्यांना तर कळायला हवं होतं, याच वॉर्डात वाढले. तो म्हणाला, त्यांनी पसंत केलं. डोर्गनना घराला लागून गरम होणारं गॅरेज आहे. बरीच वर्षं झाली त्याला. रस्त्यात गाडी लावण्याची वेळ येत नसेल.

कदाचित कुणाचं लक्ष जाणार नाही. पत्रकं लोक वाचत नाहीत.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

दारोदार फिरलो. सगळे फार नम्र वागले. फांदीचं काय झालं विचारलं तर, "काही नाही स्टॅश, सगळं ठीक आहे." कुत्र्याचं? "ठीक आहे." या रस्त्यावर सगळं एवढं ठीक कधीच नव्हतं. एकाही तक्रारीशिवाय घरी आलो.

एक विचित्र गोष्ट पाहिली. चार घरांच्या पायऱ्यांवर इस्त्रीची टेबलं उभी आहेत. चर्चच्या बाजूला वळलो तर तिथेही. कुणाच्या टेबलाला दिव्यांची माळ, एकावर लोकरीची टोपी घातलेली. दुकानात स्वस्त लागली असावीत. पण इस्त्री थंडीत बाहेर कोण करतं?

२४ फेब्रुवारी, रविवार

टेबल परत द्यायला आज धीर केला. ते काखेत घेऊन रस्ता ओलांडताना सगळ्या खिडक्या माझ्याकडे पाहताहेत असं वाटलं.

चायोने दार उघडलं. वॉकरवर दोन्ही हात ठेवून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "या शेजारी. घरोघर कपडे मागत फिरताय की काय इस्त्रीला?"

आत बसलो. मी म्हटलं, पायाला पट्टी मारली आहे, आता डुगडुगणार नाही. ती म्हणाली, पहिल्यापासून डुगडुगायचं, त्याची सवय झाली होती. मी म्हटलं, अर्ध्या तासासाठीच हलवलं होतं. तिने टेबलाचा पाय हलवून पाहिला. विषय बदलावा म्हणून मी विचारलं की ही टेबलं कुठे स्वस्त लागली आहेत का, जिथे तिथे दिसतात. चायोने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, मारिबेल आतून पाणी घेऊन धावली.

"अगं, यांना वाटलं स्वस्त लागली," चायो म्हणाली.

मारिबेल हसली नाही. ती म्हणाली, "मी कुणाला सांगितलं नव्हतं, मिस्टर स्टॅश. खरंच. पत्रक आलं, त्या संध्याकाळी पहिलं टेबल निघालं. मग लोकांचं लोकांनीच."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अख्ख्या वॉर्डाला ते पत्रक पाहताच कळलं होतं की डोर्गन कुणाच्या तरी खोदलेल्या जागेत उभे आहेत. आणि ज्याने जागा रिकामी करून दिली त्याचं कोपर शेजारी आहे. मी टोपी उचलली. निघतो म्हटलं.

"बसा," चायो म्हणाली. "आम्ही या रस्त्यावर आलो त्या वर्षीचा पहिला बर्फ आठवतो तुम्हाला? माझ्या नवऱ्याने भलत्याच्या जागेत गाडी लावली होती. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, आमच्या गावी बर्फ कुठला. काचा फोडायला लोक जमले होते. तुम्ही आलात, सगळ्यांना घरी पाठवलंत. मग दोघांनी मिळून आमची जागा खोदलीत, आणि जागेत ठेवायला आमच्याकडे काही नव्हतं. एक खुर्ची नव्हती हो घरात."

मला अंधुक आठवत होतं. ती पुढे बोलेपर्यंत मी टेबलाच्या त्या स्क्रूकडे पाहत होतो.

"तुमची बायको आतून हे घेऊन आली. म्हणाली, घ्या, मला इस्त्रीचा कंटाळाच आहे." चायोने कापडावरून हात फिरवला. "कापड तेवढं मी बदलत गेले."

मी घरी आलो. डोर्गननी लोरेन कशी आहे विचारलं तेव्हा मला एवढं वाईट वाटलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी, सोमवार

आकडा सांगायचा दिवस. मतदानाच्या आदल्या दिवशी प्रत्येक कॅप्टनने आपल्या बूथचा आकडा ऑफिसला कळवायचा, ही थोरल्या डोर्गनांपासूनची रीत. माझा आकडा दहा मतांच्या वर कधी चुकला नाही. मी ट्रेव्हरला खरं ते सांगितलं. इथे आपण पडतोय, आणि वाईट पडतोय. वाटलं होतं तो चिडेल. तो म्हणाला, हो, तुमचा बूथ आम्ही मागच्याच आठवड्यात यादीतून काढला, तुम्ही उद्या नाही आलात तरी चालेल.

पण डोर्गनांची प्रचाराची कार्डं माझ्याकडे पडली आहेत. मी उभा राहणार. थोरल्या डोर्गननी मला नोकरी दिली, तिच्या पेन्शनवर हे घर आहे.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर शाळेबाहेर उभा होतो, प्रचाराची हद्द दाखवणाऱ्या निळ्या शंकूंच्या पलीकडे, नियमाप्रमाणे. बहुतेकांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं आणि माझ्याकडे न पाहता आत गेले. मारिबेलने कणसाच्या पिठाचं गरम चॉकलेट आणून दिलं. विरोधकांचं प्यावं की नाही या विचारात ते थोडं निवलं. मग प्यालो.

चायो आली तेव्हा दारापर्यंतची वाट नुसती काच झालेली. मारिबेल कुठे दिसेना. मी जाऊन दंड पुढे केला. तिने वॉकर मला दिला आणि दंड धरला. निम्म्या वाटेत म्हणाली, "काय कॅप्टन, कुणाला देऊ मत?"

माझं काम म्हणून मी कार्ड पुढे केलं. तिने ते नीट घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं. "असू दे. टेबल डुगडुगलं तर पायाखाली घालीन."

माझं मत मी दुपारी दिलं. पहिल्यांदाच वेळ लागला. टेबलामागच्या बाईंनी विचारलंसुद्धा, बरं वाटत नाही का. कुणाला दिलं ते इथे लिहीत नाही. ही वही डेनिसच्या हाती लागू शकते.

२७ फेब्रुवारी, बुधवार

डोर्गन पडले. माझ्या बूथमध्ये सर्वांत जास्त पडले. ऑफिसला फोन केला, कुणी उचलला नाही. डोर्गनना घरी करावा का असं वाटलं, पण ते स्टॅन म्हणतील.

समोर दिवसभर गाणी, माणसं, गाड्यांचे भोंगे. माझ्या पायऱ्यांवर कुणीतरी पानात गुंडाळलेल्या तमालेंची पिशवी ठेवून गेलं. गरम होते. यात टोमणा आहे की नाही ते कळेना. चार खाल्ले.

डेनिसला फोन करून सांगितलं, हरलो. ती म्हणाली, डॅड, मी सोळा तारखेला येते, घर बघायला एजंट पाठवते. मी हो म्हटलं. शब्द तो शब्द.

२ मार्च, शनिवार

तळघरातून खोकी काढली. लोरेनचे कप कागदात गुंडाळले. मग कॉफी प्यायला एक परत काढला. मग सगळेच काढले.

५ मार्च, मंगळवार

रविवार-सोमवारी पुन्हा जोरात बर्फ पडला. काल मारिबेलने आपल्या गाडीची वायर जोडून माझी ब्यूइक चालू करून दिली. निवडून आलेली बाई, हात कोपरापर्यंत काळे. म्हणाली, ऑफिस मे महिन्यात हातात येईल, पण लोक आत्तापासून दार वाजवताहेत. फांदी तारेवर आली तर कुणाला फोन करायचा असतो, मिस्टर स्टॅश? मी तिला झाडांच्या तुकडीतल्या माणसाचं नाव सांगितलं. आधी बायकोची चौकशी कर, म्हटलं, आणि तिचं नाव लक्षात ठेव.

ब्यूइकची जागा मी काल आणि आज मिळून खोदली. हळूहळू. जवळजवळ सगळं अंग दुखतंय. आज ईस्टरच्या उपासाच्या आधीचा मंगळवार, म्हणजे पोंचकी, जॅम भरलेले ते तळलेले गोड गोळे, आणायलाच हव्यात. लोरेन असताना एक वर्ष चुकलं नाही. बेकरीपर्यंत गाडी नेली. निघताना घाईत जागेत खुर्ची ठेवायला विसरलो, आणि हे निम्म्या वाटेत लक्षात आलं. रांगेत उभा होतो, पण जीव थाऱ्यावर नव्हता. गेली जागा. कुणीही लावणार, आणि का नाही लावणार, मी काय केलं होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. मागे वळावं तर रांग सोडवेना. आलुबुखाराच्या जॅमच्या डझनभर घेतल्या, दोन बिनसाखरेच्या मागितल्या, चायोला चालत असतील तर. बेकरीवाली म्हणाली, आजोबा, बिनसाखरेची पोंचकी मागणारा माणूस या दुकानात पहिल्यांदाच आला.

परत आलो. रस्ता दोन्ही बाजूंनी गच्च. माझी जागा मात्र रिकामी होती. मधोमध इस्त्रीचं टेबल उभं होतं, फुलांच्या कापडाचं, माझी पट्टी मारलेला पाय माझ्याकडे करून.

मी गाडी थांबवली आणि तसाच बसून राहिलो. खाली उतरून ते उचलायला हात धजेना. कुणी जागा धरली आहे, ती माझी आहे की आता त्यांची झाली, त्यांनी घेतली असेल तर तेही रास्तच, असं सगळं डोक्यात फिरत होतं. मागे गाडी आली. तिच्या मागे आणखी एक. नवा भाडेकरू पायऱ्यांवर उभा राहून बघत होता. भोंगा वाजला.

समोरची खिडकी उघडली. चायो शाल गुंडाळून बाहेर वाकली.

"उचला की, शेजारी. तुमच्यासाठीच ठेवलंय. अख्खा रस्ता अडवलात."

उतरलो. टेबल उचललं. डुगडुगत नाही, पट्टी चांगली बसली आहे. गाडी लावली, टेबल चायोच्या पायऱ्यांवर नीट मिटून ठेवलं, पोंचकींची पिशवी दिली. बिनसाखरेच्या नाहीत म्हणून सांगितलं. ती म्हणाली, आज एक खाऊन मरत नाही मी.

मग डेनिसला फोन केला. म्हटलं, सोळाला येऊ नकोस. एजंटलाही सांग. ती म्हणाली, डॅड, तुम्ही शब्द दिलाय. मी म्हटलं, दिलाय, मोडत नाही, पण इथे माझी एक जागा धरलेली आहे, आणि धरलेली जागा मध्येच सोडता येत नाही. बर्फ वितळेपर्यंत ती आपली. इथली रीत आहे.

ही रीत तिला समजावून सांगायला नको. तिचंही बालपण याच रस्त्यावर गेलं आहे.

"आणि बर्फ कधी वितळणार, डॅड?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. पुन्हा भुरभुरायला लागलं होतं. म्हटलं, शिकागोचं काही सांगता येत नाही. एखाद्या वर्षी मे महिन्यातसुद्धा पडतो.

रक्तदाब घ्यायचा राहिला.